व्हिडिओ बघण्याआधी लिहून काढा

अपघात तुमच्या डोळ्यांदेखत घडला असेल, तर एक कळकळीची विनंती. ११२ ला फोन झाला, जखमी दवाखान्याकडे रवाना झाले, की बाजूला व्हा आणि जे पाहिलंत ते लिहून काढा. घरी गेल्यावर नव्हे, तिथेच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप उघडण्याआधी, घोळक्यात शिरण्याआधी. हात थरथरत असतील, तर मोबाइलमध्ये बोलून ठेवा. बरोबर कुणी असेल, तर त्यांनी त्यांचं वेगळं लिहावं; आधी चर्चा नको.

एवढी घाई अशासाठी, की ताजी आठवण कच्ची असते आणि पाठोपाठ कानावर पडलेलं तिच्यात बेमालूम मिसळतं. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. मग वेग विचारला: एका गटाला ‘गाड्या धडकल्या तेव्हा’, दुसऱ्याला ‘गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा’ अशा धाटणीचा प्रश्न. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जण ‘हो’ म्हणाले आणि ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६.

हा एका प्रश्नाचा परिणाम. ‘ट्रकवालाच राँग साइडने आला’ हे दहा तोंडांतून ऐकल्यावर काय होत असेल! साक्षीदार खोटं बोलत नाही. तो न पाहिलेलं शपथेवर, अगदी मनापासून सांगतो. त्यावर कुणाची शिक्षा, कुणाच्या घरच्यांची भरपाई ठरते.

वेळ, तुम्ही उभे होता ती जागा, सिग्नलचा रंग, ब्रेक आधी करकचले की धडक आधी झाली, सगळं लिहा. दिसलं नाही तिथे ‘दिसलं नाही’ असंच लिहा. खाली तारीख, सही. खटला उभा राहायला वर्षं जातात; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १६२ प्रमाणे, घटना ताजी असताना स्वतः लिहिलेलं टिपण साक्ष देताना पाहता येतं.

सोबत लहान मूल असेल, तर ‘लाल गाडीच होती ना?’ असं कृपा करून विचारू नका. ‘काय झालं?’ एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या. पोलिसांकडचा जबाबही पूर्ण वाचून घ्या. ऐकीव वाक्य शिरलं असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा.