कूर्म देवळातला आणि वाळूतला

माघ वद्य चतुर्दशीस आपल्या किनाऱ्यावरील शिवालये भाविकांनी फुलून जातात. गाभाऱ्यात जाण्यापूर्वी सभामंडपातील पाषाणाच्या कासवास स्पर्श करून आपण हात मस्तकी लावतो. याच दिवसांत देवगड-वेंगुर्ल्याच्या पुळणींवर त्या पाषाणाची सजीव भावंडे वाळूतून वर येत असतात, याचे स्मरण किती जणांस असते? तांबळडेग, वायंगणी येथील ग्रामस्थांस ते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञास कासवाची उपमा आहे. कासव आपले अवयव आत ओढून घेते, तद्वत् इंद्रिये आवरावी, असा दृष्टान्त आम्ही कीर्तनकार पूर्वरंगात नेहमी सांगतो. परंतु सज्जनहो, आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवास हे साधत नाही! सागरी कासवास मान आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात घेताच येत नाहीत. गीताकारांच्या डोळ्यांपुढे नदीतले वा तळ्यातले कासव असावे. आपले बिचारे उघडेच. मादी शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरून जाते, ती परत फिरकत नाही. पुढील ४५ ते ६० दिवस ती अंडी कुत्री, कोल्हे आणि मनुष्य यांच्या दयेवर.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण दिले. पण रात्री पुळणीवर कायदा जागत नाही, माणूस जागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांस हाताशी धरून घरटी राखली. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांच्या जेवणा-राहण्यातून घरोघरी चार पैसे आले. उलट, १९८७ साली मालवणला २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांस आपल्या जाळ्यांचीच धास्ती पडली. प्राणी तेच, समुद्र तोच. लोकांस विश्वासात घेण्यातला हा फरक आहे. जाळ्यात सापडलेले कासव जाळे कापून सोडणाऱ्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना शासनाने २०१८ मध्ये आणली, ती म्हणूनच मला शहाणपणाची वाटते.

(२०२१ साली ओडिशात खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरास अंडी घालताना आढळली. यात्रा करावी ती तिने!)

आता आपल्या उत्सवांकडे वळू. पिले रात्री वर येतात आणि जिकडे उजेड अधिक तिकडे धावतात. निसर्गतः तो उजेड समुद्राच्या क्षितिजावर असतो. आपण तो झोतदिव्यांनी गावाकडे आणला, तर पिले वाट चुकून सकाळच्या उन्हात मरतात. महाशिवरात्रीच्या जागरणास गाभाऱ्यातील समई पुरते, पुळणीवर विजेचा लखलखाट कोणत्याही शास्त्राने सांगितलेला नाही. किनाऱ्यावरील देवस्थान समित्यांनी मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत समुद्राकडील दिवे रात्री मालवावेत, यात्रेतील दुकाने भरतीरेषेपासून दूर मांडावीत, आणि रात्रभर घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांस दानपेटीतून निदान चहापाणी व विजेरीचा खर्च द्यावा. प्रसादाचा नारळ फोडताना हा ठरावही यंदा बैठकीत मांडता येईल.