सायकल दिली, आता दुरुस्तीही शिकवा

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देणाऱ्या शासनाने त्यांना दुरुस्तीही शिकवावी, असे आमचे ठाम मत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या वाटेवर एक काटा पुरतो. गावात पंक्चर काढणारा नसेल तर सायकल भिंतीला टेकते, मुलगी पायी निघते. त्यात पाऊस, शेतीची कामे, आणि एक दिवस शाळाच सुटते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यांतले काही सायकल मिस्त्रीजवळ जावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनीही शिबिरात पाना-पक्कड हाती घ्यावी. मिस्त्रीला मात्र मानधन द्या. त्याचे कसब फुकट मागू नका.

अमरावती जिल्हा परिषदेने येत्या सत्राआधी शाळाशाळांत पंप, पाने आणि पंक्चरचे साहित्य पोहोचवावे.