शेवटची पंधरा मिनिटं यंत्राला देऊ नका

स्लो कुकरमध्ये करायच्या चिनी बरगड्यांची कृती इकडे इंग्लंडमध्ये जिथे बघावी तिथे एकाच छापाची असते. डुकराच्या बरगड्या भांड्यात टाका, त्यावर सोया सॉस, मध, केचप आणि ठेचलेला लसूण ओता, झाकण ठेवा आणि कामाला निघा. संध्याकाळी येऊन बघा. रस पातळ राहिला असेल तर कॉर्नफ्लोअर लावा. संपलं. माझा या कृतीला ठाम विरोध आहे. बरगड्या मऊ होतात, हे खरं. पण ज्या चिकट, चकाकत्या लेपासाठी माणूस हा पदार्थ करायला घेतो, तो लेप या कृतीत कुठेच तयार होत नाही. कॉर्नफ्लोअरनं रस दाट होतो आणि मांसावरून ओघळून ताटलीत जमतो. खरा लेप मांसाला धरून बसतो. खाताना बोटं एकमेकांना चिकटतात, ओठ चिकटतात.

मी मूळची कागल तालुक्यातली. बरीच वर्षं मँचेस्टरच्या एका रुग्णालयात एक्स-रे विभागात काम करते. बारा तासांची पाळी असते; हिवाळ्यात अंधारात निघायचं आणि अंधारातच परतायचं. स्लो कुकरची किंमत मला कुणी समजावून सांगायला नको. पाय दुखत असताना दार उघडावं आणि शिजलेल्या अन्नाचा वास समोर यावा, याचं सुख मोठं आहे. म्हणून यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. जे काम त्याला जमणारच नाही, ते त्याच्या गळ्यात मारलं जातं, याबद्दल आहे.

हे यंत्र कशासाठी जन्माला आलं ते पाहिलं की बरंच काही उलगडतं. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या आठवणी सांगायची. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळण्याआधी ज्यू घरांतून चोलंटची मडकी गावातल्या बेकरीत जायची. कडधान्य, मांस आणि कंदमुळं भट्टीच्या उरलेल्या धगीवर रात्रभर शिजायची. नॅक्सननं ती धग विजेवर आणली. पुढे रायव्हल नावाच्या कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉकपॉट' बाजारात आणला. घराबाहेर नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या तेव्हा अमेरिकेत वाढत होती. त्यांना हे भांडं सोयीचं वाटलं यात नवल नाही.

म्हणजे भट्टीत ठेवलेलं, झाकलेलं, ओलं शिजणारं मडकं हा या यंत्राचा मूळ पिंड आहे. आतलं तापमान उकळीच्या थोडं खालीच राहतं. वाफ काचेच्या झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि पुन्हा आत पडतात. त्यामुळे रस आटत नाही. उलट मांसाला पाणी सुटतं आणि संध्याकाळी सकाळपेक्षा जास्तच रस भांड्यात दिसतो. एवढ्या ओलाव्यात मांस खरपूसही होत नाही.

मात्र एक काम हे भांडं फार चांगलं करतं. बरगड्यांभोवतीचे चिवट पडदे, स्नायूबंध आणि कूर्चा यांत कोलॅजन असतं. सत्तर अंशांच्या वर बराच वेळ ओल्या आचेवर राहिलं की ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. ते रसात उतरतं. ओठ चिकटवण्याची ताकद त्या जिलेटिनमध्ये आहे, साखर त्याला साथ देते. स्लो कुकर चिकटपणाचा कच्चा माल असा मुबलक काढून देतो, पण तो पाण्यात पसरलेला असतो. तो एकवटायचा तर झाकण काढून पाणी उडवावंच लागतं. त्याला दुसरा उपाय नाही.

या भांड्याच्या आचेचा विषय निघालाच आहे तर इथल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती आरोग्याची आहे. लाल राजमा कच्चा कधीही स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही आणि या भांड्याची आच त्याला पुरत नाही. रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं चांगला उकळा, मग भांड्यात घाला.

आता बरगड्यांकडे येते. या पदार्थाला गाव आहे. शांघायच्या पश्चिमेला, ताई सरोवराच्या काठी जिआंग्सू प्रांतात वूशी नावाचं शहर आहे. तिथल्या बरगड्या चीनभर नावाजलेल्या. सोया सॉस, तांदळाची दारू, साखर, आलं आणि चक्रीफूल यांत सावकाश शिजवलेल्या, गडद लाल, आणि आपल्याकडच्या जिभेला चकित करतील इतक्या गोड. शेजारच्या शांघायमध्ये काळ्या व्हिनेगरच्या आंबटगोड बरगड्या करतात, त्या गारही खातात. मंद आचेचा आग्रह तर त्याहून जुना आहे. अकराव्या शतकात हुआंगचौला हद्दपार होऊन राहिलेला कवी सू दोंगपो डुकराच्या मांसावर लिहिताना पाणी कमी, आच मंद आणि घाई नको, हेच सांगून गेला. त्याच्या नावाचं 'दोंगपो पोर्क' आजही चीनमध्ये आवडीनं खातात.

आमच्या विभागातली एक सहकारी वूशीची आहे. तिच्याकडून मी ही कृती घेतली. स्लो कुकरला तिची मुळीच हरकत नव्हती. तिच्याही घरी आहे. पण एका गोष्टीवर ती अडून बसली. "कढईत रस आटवला नाहीस, तर माझी आई त्याला सूप म्हणेल."

एक किलो बरगड्या घ्या. चायनाटाऊनमधला खाटीक त्या करवतीवर दीड-दोन इंचांचे तुकडे करून देतो. सुपरमार्केटमधली अख्खी पट्टी आणली तर निदान एकेक बरगडी सुटी करा आणि मागचा पातळ पडदा ओढून काढा. मग कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्या गार पाण्यात, आल्याच्या दोन चकत्यांसह, गॅसवर ठेवा. गारच पाण्यात. पाणी तापत जातं तसं आधी कडेनं पांढरट बुडबुडे येतात, मग करड्या रंगाची मळी वर येऊन जमते. तीन-चार मिनिटं उकळू द्या, पाणी ओतून टाका आणि तुकडे कोमट पाण्याखाली एकेक करून धुवा. सकाळच्या चहाचं आधण एका शेगडीवर आणि हे दुसरीवर, एवढाच वेळ लागतो. तयार कृतींमधून नेमकी हीच पायरी गाळलेली असते. ती मळी दिवसभर बंद भांड्यात फिरत राहिली की रस गढूळ होतो आणि त्याला उग्र वास येतो, मग तो वास झाकायला लसूण आणि केचप वाढत जातं.

भांड्यात जायचं ते थोडं आहे. साधा सोया सॉस तीन मोठे चमचे, गडद सोया सॉस एक चमचा, तो रंगासाठी. शाओशिंग, म्हणजे तांदळाची दारू, चार चमचे. खडीसाखर पन्नास-साठ ग्रॅम. मधापेक्षा तिनं चकाकी स्वच्छ येते. आल्याच्या पाच-सहा चकत्या, पातीच्या कांद्याच्या दोन-तीन काड्या, दोन चक्रीफुलं, दालचिनीचा बोटभर तुकडा. पाणी अर्धी वाटी, फार तर पाऊण. मीठ अजिबात नको, कारण हा रस शेवटी निम्म्याहून कमी होणार आहे आणि खारटपणा दुप्पट होणार आहे. फाइव्ह स्पाइसची पूड मी घालत नाही. सात तासांत तिच्यातली लवंग बाकीच्यांना दाबून टाकते. अख्खे मसाले घातले तर हवे तेव्हा काढता येतात. त्या पुडीतली सिचुआन मिरी मात्र कोकणातल्या तिरफळाची सख्खी नातलग आहे. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागणार नाही.

'लो'वर सात तास. मधे झाकण उघडून डोकावायचं नाही, कोंडलेली धग गेली की ती परत यायला फार वेळ लागतो. आठ तासांपुढे तुकडे हाडं सोडून देतात आणि पुढच्या कामाला हातात काही धड उरत नाही, म्हणून पाळी लांब असेल तर टायमर लावून ठेवा.

संध्याकाळी तुकडे झाऱ्यानं अलगद एका ताटात काढा. रस गाळा, वरची चरबी पळीनं घ्या. उरलेला रस रुंद कढईत ओता आणि आच मोठी करा. सुरुवातीला तो नुसता फसफसतो, बुडबुडे बारीक आणि फेसाळ असतात. पाच-सात मिनिटांनी आवाज बदलतो. फसफस थांबते, बुडबुडे मोठे आणि जड होतात, एकमेकांवर चढून सावकाश फुटतात आणि कढईचा तळ त्यांच्यामधून दिसायला लागतो. आमच्याकडे गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या उकळत्या रसाकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर इथे लागते. गुळाची वेळ तो घड्याळावर ठरवत नाही. बुडबुड्याचा आकार, रंग आणि वास बघतो, थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळतो. बरगड्यांचा रस तिथवर न्यायचा नाही, काकवीच्या अंमळ अलीकडे थांबायचं. उलथनं तळावरून ओढल्यावर क्षणभर वाट मोकळी राहिली की झालं. आता चमचाभर काळं व्हिनेगर, आणि लगेच तुकडे आत. उलथन्यानं ढवळू नका, मांस सुटेल. कढईचे कान धरून हलवा, रस चमच्यानं वर घाला. दोन मिनिटांत प्रत्येक तुकड्यावर गडद लाल काच चढल्यासारखी दिसते. या वेळी फोन वाजला तरी घ्यायचा नाही. इथून जळायला अर्धं मिनिट पुरतं.

एवढं सगळं धरून पंधरा मिनिटं होतात. यावर मला हमखास ऐकायला मिळतं की बारा तास राबून आलेल्या बाईला पुन्हा कढईपाशी उभं करण्यात काय अर्थ? प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. माझं उत्तर असं, की त्या दिवशी उभं राहूच नका. रस आणि बरगड्या लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चरबीचा पांढरा थर वर गोठलेला मिळतो, तो ताटलीसारखा उचलता येतो आणि खालचा रस थरथरत्या जेलीसारखा झालेला असतो. मग आटवायला वेळही कमी लागतो आणि लेप जास्त स्वच्छ येतो. सुटीच्या आदल्या दिवशी शिजवून सुटीच्या दिवशी आटवणं मला सर्वांत आवडतं. कृती लिहिणाऱ्यांनी हा मार्ग सांगितला असता तर मला हा लेख लिहावा लागला नसता. 'सगळं टाका आणि विसरा' असं छापून ते वाचणाऱ्याचा वेळ वाचवत नाहीत. महागाचं किलोभर मांस आणि सात तासांची वीज खर्च करून त्याला गोड रस्सा हाती देतात. थकलेल्या माणसाला खरी माहिती द्यायला हवी. फुकट गेलेल्या जेवणाचा सल त्याला जास्त बोचतो.

महाराष्ट्रात ज्यांच्याकडे स्लो कुकर नाही त्यांनी तो या पदार्थासाठी विकत आणण्याची गरज नाही. जाड बुडाचं पातेलं, खाली तवा, घट्ट झाकण आणि बारीक आच यांवर दीड-दोन तासांत तेच काम होतं. फक्त मधून मधून पाणी बघावं लागतं. प्रेशर कुकरमध्येही मांस मऊ होतं आणि जिलेटिन सुटतं. रस तिथेही आटत नाही, तेव्हा कढई कुणालाच चुकत नाही. वसईत, वांद्र्यात, पुण्याच्या कॅम्पात आणि गोव्यात डुकराच्या बरगड्या मिळतात. बोकडाच्या चापांवर हा प्रयोग करू नये असं माझं मत आहे. त्या मांसाचा वास आणि एवढी साखर एकमेकांना मानवत नाहीत, आणि बोकडाच्या चापांसाठी कोल्हापूरकडे स्वतःचा मसाला आहे.

खाताना सोबत बिनमिठाचा साधा भात आणि नुसती वाफवलेली हिरवी भाजी असावी, कारण बरगड्यांत गोडखारट पुरेपूर असतं. कढईत खाली लेप उरतोच. त्यात वाटीभर गरम पाणी घालून सोललेली उकडलेली अंडी अर्धा तास मंद आचेवर ठेवावीत, ती दुसऱ्या दिवशी डब्यात नेता येतात.