दृष्टिविषाचा डोळा

पर्युषणात अथवा महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने पाठशाळेची मुले जे देखावे उभारतात, त्यांत चंडकौशिकाचा प्रसंग बहुधा असतोच. पुठ्ठ्याचा फणा, कागदाच्या लगद्याचे वेटोळे, मागे वारूळ आणि समोर कायोत्सर्गात उभे असलेले भगवान; एवढे सारे मुलांना सहज जमते. अडते ते डोळ्यांपाशी. ज्याच्या नुसत्या पाहण्याने प्राणी भस्म होत, त्या दृष्टिविष सर्पाला शेवटी दोन काळ्या टिकल्या चिकटवल्या जातात आणि सारा देखावा निस्तेज होतो.

डोळ्याचे हे महत्त्व कलावंतांनी सर्वत्र ओळखले आहे. सहाव्या शतकातील चिनी चित्रकार झांग सेंगयाओ याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याने मंदिराच्या भिंतीवर ड्रॅगन रंगविले, पण त्यांना डोळे काढले नाहीत. लोकांनी आग्रह धरला तेव्हा त्याने दोघांचे डोळे रंगविले आणि तत्क्षणी ते दोन ड्रॅगन भिंत सोडून आकाशात निघून गेले, अशी ती कथा. आपल्याकडे पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतही डोळ्यांची आखणी नवशिक्याकडे दिली जात नाही. ती मुरलेल्या हाताकडेच जाते.

पाश्चात्त्य देशांतील हौशी कारागिरांनी अलीकडे या डोळ्यासाठी एक सोपी युक्ती शोधली आहे. काचेच्या लहान भिंगाला मागून नखांचे जेल पॉलिश लावून ते ड्रॅगनचे डोळे तयार करतात आणि वहीच्या पुठ्ठ्यावर, मातीच्या बाहुल्यांत किंवा गळ्यातल्या पदकांत बसवतात. चंडकौशिकाच्या देखाव्यालाही ही युक्ती अगदी योग्य आहे. चाळीसगावकरांना तर तिचे मर्म वेगळे सांगावयास नको. रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून, खऱ्या भासणाऱ्या दृश्यांची छायाचित्रे टिपली. आज ते घर कलासंग्रहालय आहे. वस्तू महाग असावी लागत नाही, प्रकाश कोठून यावा हे मात्र उमगावे लागते, हाच त्या छायाचित्रांचा धडा होय.

साहित्य थोडेच लागते. एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने घुमटाकार असे पारदर्शक काचेचे भिंग बाजारात ‘कॅबोशॉन’ या नावाने मिळते. देखाव्यासाठी २५ किंवा ३० मिलिमीटर व्यासाचे घ्यावे. त्याबरोबर काळे, सोनेरी व तांबूस जेल पॉलिश, बारीक ब्रश आणि ते पॉलिश घट्ट करणारा अतिनील किंवा एलईडी दिवा हवा. साधे नेलपॉलिश हवेत वाळते, कारण त्यातील द्रावक उडून जातो. मात्र त्यावर दुसरा थर दिला की नव्या थरातील द्रावक खालचा थर पुन्हा विरघळवतो आणि रेषा फिसकटतात. जेल पॉलिश हवेत वाळत नाही. दिव्याच्या प्रकाशाने त्यातील रेणू परस्परांशी जोडले जाऊन त्याचे घट्ट प्लास्टिक बनते. म्हणून एकेक थर पक्का करून त्यावर दुसरा निर्धास्तपणे देता येतो.

काच प्रथम स्पिरिटने पुसून घ्यावी. बोटाचा तेलकट ठसा राहिल्यास रंग सुटतो. घुमट खाली ठेवून भिंग मुलांच्या खेळातील मातीच्या लहान कड्यावर बसवावे, म्हणजे ते डगमगत नाही. आता सपाट बाजूवर काम उलट्या क्रमाने चालते. जे सर्वांत पुढे दिसावयाचे, ते सर्वांत आधी. पहिल्यांदा काळी बाहुली काढावी व दिव्याखाली धरावी. एलईडी दिव्यात एका थराला साधारणतः ३० ते ६० सेकंद लागतात. काळा रंग प्रकाश अडवतो, म्हणून त्याचा थर पातळच हवा. जाड थर वरून घट्ट होतो, आतून ओला राहतो आणि सुरकुततो. नंतर बाहुलीपासून कडेकडे जाणाऱ्या सोनेरी-तांबूस रेषा. त्यामागे चमकीचा थर. ‘कॅट आय’ नावाच्या जेलमध्ये चुंबकाकडे ओढले जाणारे सूक्ष्म कण असतात. थर ओला असताना जवळ चुंबक धरल्यास ते एका रेषेत गोळा होतात आणि लगेच दिव्याखाली धरल्यास ती झळाळणारी रेषा कायम राहते. शेवटी मागून गडद रंगाचा अपारदर्शक थर द्यावा. भिंग उलटून पाहिले की काचेचा घुमट सारे मोठे करून दाखवतो, आणि डोके हलवले की डोळा आपल्याकडे वळल्यासारखा वाटतो.

काचेच्या मागून उलट्या क्रमाने रंगविण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या व्यापारामार्फत काचचित्रांची कला पश्चिम भारतात आली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे पाहावयास मिळतात. त्यांतही दागिने व चेहऱ्यावरील बारकावे आधी आणि पार्श्वभूमी शेवटी. खतावणीतील चुकीची नोंद विरुद्ध नोंदीने दुरुस्त करता येते. येथे मात्र पहिल्या थरावर दुसरा चढला की चूक तशीच पुढ्यात राहते.

बाहुलीच्या आकाराचाही विचार करावा. ड्रॅगनच्या डोळ्यात उभी चीर काढण्याची प्रथा आहे. आपल्या शेतशिवारातील घोणशीची बाहुली तशीच उभी असते. नागाची मात्र गोल असते. चंडकौशिक फणाधारी दाखवायचा असेल, तर गोल बाहुलीच योग्य ठरेल.

दोन सूचना महत्त्वाच्या. जेल पॉलिशमधील अॅक्रिलेट द्रव्ये घट्ट होण्यापूर्वी त्वचेला वारंवार लागल्यास अॅलर्जी जडते, आणि ती बहुधा आयुष्यभर सोडत नाही. म्हणून मुलांनी आकार ठरवावे, रेखाटन करावे. जेल हाताळण्याचे काम मोठ्यांनी नायट्राइलचे हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून करावे. लॅटेक्सच्या हातमोज्यांतून ही द्रव्ये लवकर आत शिरतात. दिव्याकडे टक लावून पाहू नये. काही जेलांत वापरले जाणारे टीपीओ हे द्रव्य युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केले आहे, हेही खरेदीच्या वेळी ध्यानी असावे. दुसरी सूचना अशी, की हा खेळ देखाव्यापुरताच ठेवावा. श्वेतांबर प्रतिमांच्या चक्षूंचा विषय पूज्य गुरुभगवंतांचे मार्गदर्शन आणि संघाची मर्यादा यांचा आहे. त्यात घरगुती प्रयोगांना स्थान नाही.

येथवर कारागिरी झाली. जैन घराचा खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो, आणि तो बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत दडलेला असतो. डोळ्याला जिवंतपणा आणणाऱ्या दोनच गोष्टी: लाली आणि मोतिया चमक. प्रसाधनांतील या दोन्ही गोष्टी जीवांपासूनही मिळवल्या जातात. सी.आय. ७५४७० हा क्रमांक कार्मिन या लाल रंगाचा. निवडुंगावर वाढणारे कोचिनिअल कीटक वाळवून तो काढतात. एक पौंड कोचिनिअलसाठी सुमारे ७०,००० कीटक लागतात. सी.आय. ७५१७० म्हणजे ग्वानिन. ही मोतिया झळाळी माशांच्या खवल्यांतून येते. शेलॅक हे लाखेच्या किड्यांपासून होते. याउलट सी.आय. ७७४९१, ७७४९२ व ७७४९९ हे लाल, पिवळे व काळे लोहऑक्साइड. ७७०१९ म्हणजे अभ्रक आणि ७७८९१ म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. ही खनिज द्रव्ये होत, आणि सर्पाच्या डोळ्याला लागणारी तांबूस-सोनेरी छटा यांतूनच पुरेपूर साधते. जीवजन्य रंगावाचून काही अडत नाही.

‘क्रुएल्टी-फ्री’ या शब्दावर विसंबणे पुरेसे नाही. त्याचा अर्थ एवढाच की प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर २०१४ पासून बंदीच आहे. घटकांविषयी तो शब्द काहीही सांगत नाही. ‘व्हीगन’ हा शब्द घटकांविषयी असतो, तरीही क्रमांक वाचून पाहणे उत्तम. ब्रशाचेही तसेच. बारीक कामाचे काही ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. मुंगुसाच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. नायलॉनचा ब्रश या कामाला सर्वथा पुरतो.

आपल्यापैकी अनेकांची कटलरी, स्टेशनरी वा प्रसाधनांची दुकाने आहेत. तेथे जयणा केवळ स्वतःच्या वापरापुरती राहत नाही. माल मागविताना पुरवठादाराकडून घटकांची यादी मागणे, ती गल्ल्याजवळ ठेवणे आणि नायलॉनचे ब्रश वेगळ्या खणात लावणे, एवढ्याला भांडवल लागत नाही. अडचण येते ती अन्य प्रकारची. एखादी श्राविका विचारते, ‘भाऊ, या लाल रंगात काय आहे?’ गर्दीच्या वेळी हा प्रश्न नकोसा वाटतो आणि ‘सगळे हेच वापरतात’ असे तुटक उत्तर दिले जाते.

चंडकौशिकाची कथा नेमकी येथूनच सुरू होते. पूर्वभवात तो तपस्वी साधू होता. गोचरीच्या वाटेवर त्याच्या पायाखाली नकळत एक बेडकी चिरडली गेली. शिष्याने आलोचना करण्याची आठवण दिली. एकदा दिली, पुन्हा दिली. त्या आठवणीचाच साधूला क्रोध आला, शिष्याला मारण्यास तो धावला, खांबावर आदळून गतप्राण झाला, आणि त्या क्रोधाची परंपरा पुढे दृष्टिविष सर्पाच्या भवापर्यंत पोहोचली. पाय नकळत पडला होता. त्याला सर्प केले ते आठवण देणाऱ्यावरच्या रागाने. पुढे भगवंतांच्या वचनाने जागृत झाल्यावर त्याच सर्पाने आपल्या दृष्टीने कोणाला बाधा होऊ नये म्हणून तोंड बिळात घातले, आणि अंगाला लागलेल्या मुंग्या चिरडू नयेत म्हणून शरीर हलवलेही नाही.

अशा जीवाचा डोळा रंगविताना त्यात कीटकांची लाली असावी, हे शोभणारे नाही. पाठशाळेच्या मुलांनी देखाव्याशेजारच्या पाटीवर कथेबरोबर आपण वापरलेल्या रंगांचे क्रमांकही लिहावेत. पाहायला येणारा प्रत्येक दुकानदार ते वाचेल, आणि त्या रात्री आपल्या फळीवरची एक तरी बाटली उलटी करून पाहील.