वाढ कंपनीची, हक्क कोणाचा?

प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणजे प्रवासाची सोय करणाऱ्या कंपन्यांचा धंदा वाढणार; आणि धंदा वाढणार म्हणजे त्या कंपन्यांच्या शेअरचा भावही चढणार. हे त्रैराशिक इतके सोपे आहे की शाळेच्या शिक्षकदालनात, कचेरीतल्या मधल्या सुटीत आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत ते आज सर्रास मांडले जाते. वऱ्हाडात तर त्याचा पडताळा डोळ्यांसमोर आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या किंवा बडनेऱ्याच्या स्थानकावर पहाटेपासून रांग लावण्याचे दिवसही बहुतेकांच्या दृष्टीने मागे पडले; तिकीट घरबसल्या निघू लागले. ज्या उद्योगाने आपली सोय केली, त्याच्या नफ्यात आपलाही वाटा असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तीत गैर काही नाही. तिला आता देशाची सीमाही आड येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि त्या वाटेने अमेरिकेच्या बाजारात नोंदलेल्या चिनी प्रवास कंपनीचा शेअरही अकोल्याच्या कारकुनाला घेता येतो.

म्हणूनच ह्या त्रैराशिकाची एक पायरी तपासून पाहणे अगत्याचे आहे. कंपनीची वाढ ही एक गोष्ट आणि त्या वाढीवरचा भागधारकाचा हक्क ही दुसरी. पहिली खरी ठरली म्हणून दुसरीही हाती येतेच असे नाही. पगारातून उरलेली शिल्लक बाजारात टाकणाऱ्या माणसाने हा भेद ओळखला नाही, तर त्याची किंमत त्याला म्हातारपणी मोजावी लागेल.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण चीनचेच आहे. 'सीट्रिप' ही कंपनी १९९९ मध्ये शांघायमध्ये चार भागीदारांनी स्थापन केली. विमानतळांवर आणि स्थानकांवर प्रवाशांच्या हाती सभासदपत्रे द्यायची आणि दूरध्वनीवरून हॉटेल व विमानाचे आरक्षण करून द्यायचे, असा तिचा आरंभ होता. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात तिचे शेअर १८ डॉलरला विकले गेले आणि पहिल्याच दिवशी भाव जवळजवळ दुप्पट झाला. पुढे चिनी मध्यमवर्ग हिंडूफिरू लागला, कंपनीने प्रतिस्पर्ध्यांना आपल्यात सामावून घेतले, २०१६ मध्ये ब्रिटनमधली स्कायस्कॅनर ही कंपनी विकत घेतली, आणि २०१९ मध्ये 'ट्रिप डॉट कॉम ग्रुप' हे नाव धारण केले. ज्यांनी २००३ मधला शेअर आजतागायत सांभाळला, त्यांचे पैसे अनेक पटींनी वाढले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ह्याच कथेत दुसरे एक प्रकरण आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. २०१७ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे २६.८ अब्ज युआन होते; २०१९ मध्ये ते सुमारे ३५.७ अब्ज युआनवर गेले. म्हणजे दोन वर्षांत धंदा एक तृतीयांशाने वाढला. शेअरचे काय झाले? २०१७ च्या मध्यास जो भाव ६० डॉलरच्या घरात होता, तो २०१९ च्या अखेरीस ३३ डॉलरच्या आसपास उतरलेला होता. अजून महासाथीचे सावटही जगावर पडले नव्हते. कंपनी वाढत होती, प्रवासी वाढत होते, आणि २०१७ च्या तेजीत शेअर घेणारा माणूस मात्र निम्म्यावर आला होता.

असे का व्हावे? पहिले कारण अंकगणिताचे आहे. शेअरचा भाव हा आजच्या धंद्यापेक्षा उद्याच्या अपेक्षेवर उभा असतो. साठ डॉलर देणाऱ्याने पुढच्या अनेक वर्षांच्या वाढीची किंमत आधीच चुकती केली होती. मग वाढ झाली, पण अपेक्षेहून कमी वेगाने झाली, एवढ्यानेही भाव कोसळायला पुरेसे होते. दुसरे कारण नियमांचे. तिकिटाबरोबर विमा आणि इतर सेवा ग्राहकाच्या नकळत जोडल्या जातात, अशी ओरड २०१७ मध्ये चीनमध्ये झाली. आणि १ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या तिथल्या ई-व्यापार कायद्याने अशी आपोआप होणारी जोडणी बंद केली. ज्या कमाईवर भागधारकाने भरवसा ठेवला, तिच्यातला एक झरा कायद्याच्या एका कलमाने आटवला. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण भागधारकाच्या हिशेबात त्याची नोंद नव्हती.

तिसरे कारण अधिक मूलभूत आहे. इंटरनेटवरील अनेक व्यवसायांत परकीय मालकीवर चिनी कायद्याचे निर्बंध आहेत. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये विकला जाणारा शेअर हा सामान्यतः केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीचा असतो, आणि त्या कंपनीचा चीनमधल्या परवानाधारक संस्थांशी संबंध मालकीचा नसून करारांचा असतो. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे, तर सात-बारावर नाव दुसऱ्याचे आणि आपल्या हाती पीक वाटून घेण्याचा कागद. जोवर सर्वांचे पटते तोवर पीक मिळते. सरकारची मर्जी फिरली म्हणजे काय होते, ते २०२१ मध्ये दिसले. 'दीदी' ही गाड्या भाड्याने पुरवणारी चिनी कंपनी ३० जूनला न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली. आठवडा उलटण्यापूर्वीच चिनी सरकारने तिची चौकशी सुरू करून तिचे ॲप दुकानांतून काढायला लावले, आणि पुढच्या वर्षी तिला तो बाजार सोडावा लागला. त्याच जुलै महिन्यात शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांनी नफा कमावू नये असा आदेश चीनमध्ये निघाला आणि शिकवणी कंपन्यांच्या शेअरचा चुराडा झाला. त्या आदेशामागचा हेतू आपल्या शिक्षकांपैकी पुष्कळांना पटेल. पण त्या कंपन्यांच्या भागधारकांना कोणी विचारले नव्हते.

हे सारे चीनमध्येच घडते, आपल्याकडे कायद्याचे राज्य आहे, असे म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी आपल्याच रेल्वेच्या तिकिटांचा इतिहास आठवावा. 'आयआरसीटीसी' ही आपली सरकारी कंपनीदेखील १९९९ मध्येच स्थापन झाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ३२० रुपयांना विकलेला तिचा शेअर १४ ऑक्टोबरला बाजारात आला तो दुपटीच्या भावानेच. त्या विक्रीच्या तोंडावर, १ सप्टेंबर २०१९ पासून, नोटाबंदीच्या वेळी रद्द केलेले तिकिटावरील सेवाशुल्क पुन्हा सुरू झाले होते, हेही लक्षात ठेवावे. कंपनीला स्पर्धक नाही, प्रवाशांना तोटा नाही, अशी ही सोन्याची खाण होती. २८ ऑक्टोबर २०२१ च्या सायंकाळी कळले की ह्या शुल्काचा निम्मा हिस्सा रेल्वे मंत्रालय घेणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअरचा भाव एक चतुर्थांशाहून अधिक घसरला. दुपारपर्यंत निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले आणि भाव बराचसा सावरला. पण सकाळी घाबरून विकणाऱ्याचे नुकसान कायमचे झाले. त्या चोवीस तासांत रेल्वेचा एकही प्रवासी कमी झाला नव्हता. बदलला होता तो फक्त वाटणीचा ठराव, आणि तो बदलण्याचा व पुन्हा फिरवण्याचा अधिकार मोठ्या भागधारकाच्या, म्हणजे सरकारच्या हाती होता. लहान भागधारक दोन्ही वेळा केवळ प्रेक्षक होता.

वऱ्हाडला हा धडा नवा वाटू नये. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि खामगाव, अमरावतीकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. तो पैसा मुंबईत साचला आणि समुद्रात भर घालून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमागे धावला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकला गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला, आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ येताच मुंबईच्या भल्याभल्या पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून वाचली नाही. कापूस खरा होता, मागणी खरी होती. तिच्या आधारावर बांधलेली किंमत तेवढी खोटी होती. आणि नियम बदलण्याचे म्हणाल, तर सरकी पेंडेच्या वायद्याचे मूळ केंद्र असलेल्या अकोल्याला तेही ठाऊक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये 'सेबी'ने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे एका आदेशाने थांबवले, तेव्हा त्या बाजारावर हिशेब बांधून बसलेल्यांना दुसऱ्या दिवशी नवे गणित मांडावे लागले.

ह्यावर कोणी म्हणेल, मग पगारदाराने शेअर बाजाराकडे पाठच फिरवावी काय? तसे म्हणणे आज अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर आलेल्या शिक्षकाला आणि कारकुनाला जुन्या निवृत्तिवेतनाची हमी मिळाली नाही. त्या हमीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, ते उगाच नव्हे. नव्या योजनेत कपात होणारा त्यांचा पैसा काही अंशी बाजारात जातोच. ज्याच्या म्हातारपणाची भाकरी अशा रीतीने बाजाराशी बांधली गेली आहे, त्याला बाजारापासून दूर राहा असे सांगणे म्हणजे पुरात उभ्या असलेल्याला पाय भिजवू नको म्हणण्यासारखे आहे. प्रश्न आहे तो जाणतेपणाचा.

तो जाणतेपणा चार प्रश्नांत सामावतो. कंपनी वाढते आहे हे कळले. पण त्या वाढीची किंमत भावात आधीच धरली गेली आहे काय? माझ्या हाती येणारा कागद मालकीचा आहे की कराराचा? कंपनीच्या कमाईचा मुख्य झरा कोणाच्या आदेशाने आटू शकतो? आणि मोठा भागधारक कोण, त्याचे हित माझ्या हिताशी जुळते काय? शेवटचा प्रश्न दूरचा नाही. अमरावतीचे कितीतरी प्रवासी ज्या 'मेकमायट्रिप'वरून तिकीट काढतात, तिचे शेअर भारतात नव्हे, नॅसडॅकवर नोंदलेले आहेत. आणि २०१९ पासून तिच्या मतांपैकी जवळजवळ निम्मी मते ह्याच चिनी ट्रिप डॉट कॉमकडे होती. २०२५ मध्ये मोठी रक्कम उभारून तो हिस्सा वीस टक्क्यांच्या आत आणला गेला. आपण तिकीट कोणाकडे काढतो हे जिथे ठाऊक नसते, तिथे शेअर कोणाचा घेतो हे ठाऊक असेलच असे कसे म्हणावे?

ह्या चौघांत पाचवी भर घरच्या नियमांची. परदेशी शेअर घेणाऱ्याला प्राप्तिकराचे 'सहज' हे सोपे विवरणपत्र भरता येत नाही. परदेशी मालमत्तेचा तपशील वेगळा द्यावा लागतो, आणि तो लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दंडाची तरतूद आहे. राज्य शासनाच्या सेवेतील माणसाला १९७९ च्या वर्तणूक नियमांनी शेअरमधील सट्टेबाजी वर्ज्य केली आहे, आणि वारंवार केलेली खरेदी-विक्री हा सट्टाच मानला जातो. कार्यालयाच्या टेबलाखाली फोन धरून दिवसाला दहा सौदे करणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

पण सारी जबाबदारी एकट्यादुकट्या पगारदारावर टाकून भागणार नाही. शेअर विक्रीची माहितीपत्रके शेकडो पानांची आणि इंग्रजीत असतात. धोक्यांचे प्रकरण त्यांत असते, पण ते वाचणारा विरळा. जी भाषा जाहिरातीला चालते, ती धोक्याच्या सूचनेला का चालू नये? महाराष्ट्रात शेअर विकू पाहणाऱ्या कंपनीने निदान धोक्यांचे प्रकरण मराठीत द्यावे, असा आग्रह येथील लोकप्रतिनिधींनी धरला पाहिजे. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनी वार्षिक सभेत लाभांशाच्या टक्क्यावर जेवढा वेळ वाद घालतात, त्यातला एक तास एखादे माहितीपत्रक मिळून वाचण्यास द्यावा. अमरावती विद्यापीठाच्या वाणिज्य विभागांना आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना ह्याहून समाजोपयोगी प्रकल्प शोधावा लागणार नाही. मुलांना ताळेबंद शिकवतोच. तो खऱ्या कंपनीचा, खऱ्या वर्षाचा शिकवावा, एवढेच.

आणि हे होईपर्यंत साधा नियम पुरे. मुलीच्या शिक्षणाचा, आईच्या औषधाचा आणि स्वतःच्या निवृत्तीचा पैसा आधी बाजूला काढावा. त्यानंतर जे उरेल, आणि जे निम्मे झाले तरी घरची चूल नीट पेटेल, तेवढेच दूरदेशीच्या वाढीवर लावावे. प्रवासी वाढतील, विमाने वाढतील, कंपन्याही वाढतील. त्या वाढीत आपला हक्क किती, हे पैसे देण्यापूर्वी विचारण्याचा अधिकार मात्र आपलाच आहे, आणि तो कोणत्याही सरकारला अथवा कंपनीला काढून घेता येत नाही.