चारचाकीला आवाजाची सक्ती, पण गल्लीतली ई-स्कूटर गपगारच

सातारा/सांगली : पाठीमागनं गाडी आली की माणूस आवाज ऐकूनच बाजूला होतो. इलेक्ट्रिक गाडी हळू चालत असली तर तिची चाहूलच लागत नाही. त्यामुळं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर 2025 मध्ये नियमाचा मसुदा काढला. इलेक्ट्रिक कार, बस आणि मालवाहू गाड्यांच्या नव्या मॉडेलना 1 ऑक्टोबर 2026 पासून, तर आधीच्या मॉडेलना 1 ऑक्टोबर 2027 पासून इशाऱ्याचा आवाज सक्तीचा करायचा, असं त्यात आहे.

युरोपात ही सक्ती 2019 पासून लागू होत गेली. अमेरिकेत टेस्लाला 2022 मध्ये सुमारे 5 लाख 78 हजार गाड्यांचा रिकॉल काढावा लागला. गाडीबाहेर गाणी वाजवायच्या सोयीमुळं हा इशारा दबून जाऊ शकत होता.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. मसुद्यात दुचाकी आणि तीनचाकी नाहीत. कराड, विटा, तासगावच्या बाजारात किंवा शाळेसमोर माणसाला खेटून जातात त्या याच गाड्या. त्यात ऊस हंगामात ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा दणका. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्यांना आधार कानाचाच. नियमात दुचाकी-तीनचाकी आल्याशिवाय गावचा प्रश्न सुटत नाही. तोवर गर्दीत वेग कमी ठेवून वेळेवर हॉर्न देणं, एवढंच चालकाच्या हातात आहे.