फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही
भीमा-घोडकाठच्या दौंड, शिरूर तालुक्यांत शेतकरी रात्री उसाला दारे धरतो आणि ओल्या अंगाने स्टार्टर दाबतो. वाहणारा विद्युतप्रभार म्हणजे प्रवाह. तो व्होल्ट वाढल्यास वाढतो, रोध वाढल्यास घटतो. भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जातो. हृदयाची लय बिघडायला शंभरही पुरतात. दहा अँपिअरचा फ्यूज वितळायला मात्र दहा हजारांहून अधिक लागतात. म्हणून पंपाच्या पेटीत चांगल्या अर्थिंगसोबत ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. धक्का बसलेल्याला शिवण्याआधी मेन स्विच बंद करावा. शुद्ध व श्वास नसल्यास १०८ला कळवून छाती दाबत राहावे.